ज्यू राज्य आणि राजकारण: नव्या पुस्तकांवरची ऑनलाइन व्याख्यानं ऐकणाऱ्यांसाठी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

२०२०च्या टाळेबंदीत जगभरच्या विद्यापीठांनी आपली व्याख्यानं झूमवर आणली आणि घरबसल्या ती ऐकायची सोय माझ्यासारख्या वाचकाला झाली. ज्यू लोकांच्या राजकीय इतिहासावर नवं पुस्तक आलं की त्याचा लेखक तासभर बोलतो, दुसरा अभ्यासक त्याला उलटसुलट प्रश्न विचारतो, मग श्रोत्यांची पाळी येते. मी ही व्याख्यानं तेव्हापासून नियमित ऐकतो आणि मित्रमंडळींना दुवे पाठवतो. त्यावर येणारे प्रश्न बरेचसे तेच ते असतात, म्हणून उत्तरं एकत्र लिहून ठेवली आहेत.

ही व्याख्यानं म्हणजे बातम्यांवरची चर्चा असते का?

नसते. टीव्हीवर कालच्या घटनेवरून दोन बाजू भांडतात. इथे कुणीतरी सात-आठ वर्षं दफ्तरखान्यात बसून जुनी पत्रं, सभांची इतिवृत्तं, न्यायालयाचे निकाल वाचलेले असतात आणि त्यातून काय हाती लागलं ते सांगितलं जातं. एखादं पुस्तक ओदेसातल्या एका डॉक्टरच्या १८८२च्या पुस्तिकेवर असेल, तर दुसरं १९४८च्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याचे मसुदे एकमेकांशेजारी ठेवून वाचणारं. विषय असे लांब-लांबचे वाटतात, पण चार-पाच व्याख्यानं ऐकली की लक्षात येतं, जवळजवळ सगळी एकाच प्रश्नाभोवती फिरतात: ज्यूंना राज्य हवं होतं म्हणजे नेमकं काय हवं होतं?

मला हा इतिहास अजिबात माहीत नाही. सुरुवात कुठून करू?

चार टप्पे लक्षात ठेवा, बाकीचं ऐकता-ऐकता येतं. १८९७ साली स्वित्झर्लंडमधल्या बाझेल शहरात थिओडोर हर्झल या व्हिएन्नाच्या पत्रकाराने पहिली झायोनवादी परिषद भरवली (झायोनवाद म्हणजे ज्यूंसाठी पॅलेस्टाइनमध्ये स्वतःचं घर मागणारी चळवळ). २ नोव्हेंबर १९१७ला ब्रिटिश सरकारने बाल्फोर जाहीरनामा काढून पॅलेस्टाइनमध्ये ज्यूंच्या ‘राष्ट्रीय घरा’ला पाठिंबा दिला. २९ नोव्हेंबर १९४७ला संयुक्त राष्ट्रांनी पॅलेस्टाइनच्या फाळणीचा ठराव ३३ विरुद्ध १३ मतांनी मंजूर केला आणि १४ मे १९४८ला तेल अवीवमध्ये पुढे पहिले पंतप्रधान झालेले डेव्हिड बेन-गुरियन यांनी इस्रायलची घोषणा केली. चौथा टप्पा १९६७च्या युद्धाचा. त्यात पश्चिम किनारा, गाझा आणि पूर्व जेरुसलेम इस्रायलच्या ताब्यात गेलं आणि राज्याची सीमा कुठे संपते हा प्रश्न आजतागायत उघडा राहिला.

हर्झलच्या पुस्तकाचं नाव मराठीत काय म्हणायचं? ‘ज्यू राज्य’, ‘ज्यूंचं राज्य’ की ‘ज्यू राष्ट्र’?

हा प्रश्न मला सर्वांत जास्त आवडतो, कारण अर्धा वाद या एका शब्दात आहे.

१८९६ साली व्हिएन्नात छापलेल्या त्या छोट्या पुस्तकाचं जर्मन नाव ‘डेर यूडेनश्टाट’. शब्दशः ‘ज्यूंचं राज्य’. इंग्रजीत ते ‘द ज्यूइश स्टेट’ म्हणून रूढ झालं, म्हणजे षष्ठी गेली आणि विशेषण आलं. फरक बारीक आहे, पण त्याला धार आहे. ‘ज्यूंचं राज्य’ म्हणजे ज्यात ज्यू लोक राहतात, ज्याचा कारभार ते स्वतः बघतात असं राज्य. ‘ज्यू राज्य’ म्हटलं की राज्यालाच एक गुण चिकटतो: त्याचे कायदे ज्यू आहेत का, सुट्ट्या ज्यू आहेत का, आणि तिथे राहणाऱ्या अरब माणसाचं काय? हर्झलच्या डोळ्यांसमोर पहिलं चित्र होतं. त्याने लिहून ठेवलंय की धर्मगुरूंनी आपल्या देवळांत आणि सैन्याने आपल्या बराकींत राहावं. हिब्रू ही राज्याची भाषा होईल असंही त्याला वाटत नव्हतं. रेल्वेचं तिकीट काढण्याइतकं हिब्रू आपल्यापैकी कुणाला येतं, असा त्याचा सवाल होता. जागा कोणती, पॅलेस्टाइन की अर्जेंटिना, यावर त्या पुस्तकात एक स्वतंत्र भाग आहे.

हिब्रूतही हा भेद आहे. हर्झलच्या पुस्तकाचं हिब्रू नाव ‘मेदिनत हा-येहूदिम’, ज्यूंचं राज्य. १९४८च्या जाहीरनाम्यात मात्र ‘मेदिना येहूदित’ असे शब्द आहेत, ज्यू राज्य. मधल्या ५२ वर्षांत षष्ठीचं विशेषण कसं झालं, हे सांगणारं कोणतंही पुस्तक मी सोडत नाही.

आता ‘मेदिना’ हा शब्द. बायबलमधल्या एस्तेरच्या गोष्टीची सुरुवातच अशी आहे की अहश्वेरोश राजा होदूपासून कूशपर्यंत, म्हणजे हिंदुस्थानापासून इथिओपियापर्यंत, १२७ ‘मेदिनां’वर राज्य करत होता. तिथे मेदिना म्हणजे प्रांत. आजच्या हिब्रूत तोच शब्द सार्वभौम देशासाठी वापरतात. मराठी माणसाला हे चटकन समजावं, कारण आपल्या ‘राज्य’ शब्दाचंही तसंच आहे. महाराष्ट्र हे राज्य आहे आणि शिवाजी महाराजांनी स्थापन केलं तेही राज्यच. एक संघराज्याचा घटक, दुसरं सार्वभौम. व्याख्यान ऐकताना वक्ता ‘स्टेट’ म्हणाला की दर वेळी मनात विचारायचं: महाराष्ट्राच्या अर्थाने, की भारताच्या? ही एक सवय लावून घेतली तर निम्मी व्याख्यानं सोपी होतात.

मग झायोनवाद्यांना सुरुवातीपासून सार्वभौम देशच हवा होता, की नाही?

गेल्या काही वर्षांतल्या पुस्तकांनी सर्वांत जास्त उलथापालथ इथेच केली आहे.

शाळकरी इतिहास सरळ रेषेत जातो: छळ झाला, हर्झलला स्वप्न पडलं, ५० वर्षांनी देश मिळाला. हर्झलने स्वतः बाझेलनंतर रोजनिशीत लिहिलं होतं की मी आज ज्यूंचं राज्य स्थापन केलं, पाच नाही तर ५० वर्षांत सगळ्यांना ते दिसेल. नोंद सप्टेंबर १८९७ची आणि संयुक्त राष्ट्रांचं मतदान नोव्हेंबर १९४७चं, त्यामुळे ही रेष फारच देखणी दिसते.

पण बाझेलच्या ठरावात ‘राज्य’ हा शब्दच नाही. तिथे ‘सार्वजनिक कायद्याने सुरक्षित असं घर’ मागितलंय. रूढ उत्तर असं की पॅलेस्टाइन तेव्हा तुर्कांच्या ऑटोमन साम्राज्यात होतं, म्हणून त्यांचा सुलतान बिथरू नये यासाठी शब्द मुद्दाम मवाळ ठेवला. दिमित्री शुम्स्की या जेरुसलेमच्या इतिहासकाराने २०१८च्या ‘बियाँड द नेशन-स्टेट’ या पुस्तकात वेगळी मांडणी केली. त्याचं म्हणणं, ही माणसं हॅब्सबर्ग (म्हणजे ऑस्ट्रिया-हंगेरीच्या), रशियन आणि ऑटोमन साम्राज्यांत वाढलेली होती. एका छत्राखाली अनेक लोकसमूह आणि प्रत्येकाला आपापली स्वायत्तता, ही रचना त्यांना रोजच्या जगण्यातून माहीत होती. ओदेसाचा डॉक्टर लिऑन पिन्स्कर असो, हर्झल असो, पुढच्या पिढीतला झायोनवादी नेता जाबोटिन्स्की असो, त्यांच्या कल्पनेतलं ज्यू राज्य बराच काळ एखाद्या मोठ्या राज्यव्यवस्थेचा भाग होतं. म्हणजे महाराष्ट्राच्या अर्थाने राज्य.

तरुण बेन-गुरियन आणि पुढे इस्रायलचे दुसरे राष्ट्राध्यक्ष झालेले बेन-झ्वी पहिल्या महायुद्धाआधी इस्तंबूलला कायदा शिकायला गेले होते. त्या काळातला दोघांचा फेज टोपी घातलेला फोटो प्रसिद्ध आहे. भविष्य ऑटोमन साम्राज्यातच आहे असं त्यांना वाटत होतं, नाहीतर तुर्की शिकून तिथल्या कायद्याची पदवी घ्यायला कोण जाईल?

साम्राज्यं कोसळली, युरोपातल्या ज्यूंचा संहार सुरू झाला, आणि मे १९४२मध्ये न्यूयॉर्कच्या बिल्टमोर हॉटेलातल्या झायोनवाद्यांच्या परिषदेत ‘ज्यू कॉमनवेल्थ’ची, म्हणजे ज्यू राज्याची, उघड मागणी झाली. शुम्स्कीचं सगळं म्हणणं सर्वांना मान्य नाही. हे लोक बोलायचे एक आणि मनात ठेवायचे दुसरं, असा आक्षेप व्याख्यानांत हमखास येतो. मला स्वतःला तो आक्षेप अर्धाच पटतो. आपल्याकडे टिळकांनी १९१६ साली होमरूल लीग काढली तेव्हाचं ‘स्वराज्य’ साम्राज्याच्या आतलं होतं आणि काँग्रेसने पूर्ण स्वराज्याचा ठराव केला १९२९च्या लाहोर अधिवेशनात. पुढे जे घडलं ते आधीपासून सगळ्यांच्या मनात होतंच, असं गृहीत धरलं की माणसांनी खरोखर काय विचार केला होता ते दिसेनासं होतं.

सगळ्या ज्यूंचा राज्याला पाठिंबा होता का?

मुळीच नाही. पहिली परिषद म्युनिकला भरायची होती. तिथल्या ज्यू समाजानेच विरोध केला म्हणून ती बाझेलला हलवावी लागली. धर्मनिष्ठांपैकी अनेकांना मसीहा, म्हणजे देव पाठवणार असलेला तारणहार, येण्याआधी माणसांनी राज्य उभारणं हे पाप वाटत होतं. पश्चिम युरोपातल्या सुस्थित ज्यूंना भीती होती की वेगळं राज्य मागितलं तर आपल्याच देशात आपण परके ठरू.

सर्वांत मोठा पर्याय उभा राहिला तो त्याच १८९७ साली, विल्नामध्ये (आजचं लिथुआनियातलं विल्निअस). ‘बुंड’ हा ज्यू कामगारांचा समाजवादी पक्ष. त्यांची भाषा यिद्दिश आणि त्यांचा शब्द ‘दोईकाइट’, म्हणजे ‘इथलेपण’. आम्ही जिथे राहतो तिथेच हक्क मिळवू, कुठेही जाणार नाही, ही त्यांची भूमिका. दुसऱ्या महायुद्धाच्या तोंडावर वॉर्सात झालेल्या नगरपालिकेच्या निवडणुकीत ज्यू मतदारांचा सर्वाधिक कौल बुंडलाच मिळाला होता. सिमोन दुब्नोव्ह हा थोर इतिहासकार तिसरी वाट सांगत होता: ज्यू हे एक राष्ट्र आहे, पण त्याला भूमी लागत नाही, भाषा, शाळा आणि समाजसंस्थांची स्वायत्तता पुरते. दुब्नोव्हला १९४१च्या डिसेंबरात रीगामध्ये नाझींनी मारलं. बुंडचे मतदार कुठे गेले हे वेगळं सांगायला नको.

म्हणून बुंडवरची व्याख्यानं मला ऐकवत नाहीत आणि सोडवतही नाहीत. या वाटा वादात हरल्या नव्हत्या. त्यांवरून चालणारी माणसं मारली गेली. नव्या अभ्यासकांनी त्यांचे ठराव, वर्तमानपत्रं, शाळांची पुस्तकं पुन्हा उघडून वाचायला घेतली, हे मला या सगळ्या लेखनातलं सर्वांत मोलाचं काम वाटतं.

पॅलेस्टाइनमध्येही वेगळा सूर होता. हिब्रू विद्यापीठाचे पहिले प्रमुख यहूदा माग्नेस, तत्त्वज्ञ मार्टिन बूबर आणि त्यांचे सहकारी अरब व ज्यू दोघांचं मिळून एक द्विराष्ट्रीय राज्य व्हावं म्हणत होते. त्यांची संख्या कायम मूठभरच राहिली.

दोन हजार वर्षं राज्यच नव्हतं, तर ‘ज्यू राजकारण’ कशाला म्हणायचं?

राज्य नसलं तरी सत्ता असते, कर असतात, न्यायनिवाडे असतात. बाबिलोनियात ‘रेश गालुता’, म्हणजे निर्वासितांचा प्रमुख, हे पद शतकानुशतकं चाललं. तिसऱ्या शतकात तिथल्या श्मूएल नावाच्या पंडिताने सांगितलेलं सूत्र आजही कायद्याच्या वर्गात शिकवतात: ‘दिना दे-मल्खुता दिना’, राज्याचा कायदा हाच कायदा. परक्या राजाच्या हाताखाली आपला धर्म कुठवर आणि त्याचा हुकूम कुठवर, याची ही विचारपूर्वक आखलेली रेषा आहे. पोलंडमध्ये सोळाव्या शतकापासून १७६४पर्यंत ‘चार प्रांतांची परिषद’ होती. लुब्लिन आणि यारोस्लाव्हच्या जत्रांत तिची बैठक भरायची, राजाला द्यायचा कर ती गावागावांवर वाटून द्यायची, नियम करायची, तंटे सोडवायची. शेवटी पोलंडच्या संसदेने ती बरखास्त केली.

‘थिऑक्रसी’, म्हणजे देवाचं राज्य, हा शब्दही एका ज्यू लेखकानेच घडवला. पहिल्या शतकातल्या जोसीफसने ग्रीक वाचकांना मोशेची राज्यव्यवस्था समजावताना राजेशाही, उमरावशाही, लोकशाही यांपैकी एकही नाव बसेना म्हणून तो तयार केला. या धाग्यावरचं अलीकडचं चांगलं पुस्तक म्हणजे अलेक्झांडर के यांचं २०२०चं ‘द इन्व्हेन्शन ऑफ ज्यूइश थिऑक्रसी’. सगळा देश एकट्या धर्मशास्त्राने चालावा ही मागणी प्राचीन नाही, ती आधुनिक आहे, असं ते दाखवतात. जुन्या ज्यू परंपरेत राजाचा कायदा आणि रब्बींचा, म्हणजे ज्यू धर्मगुरूंचा, कायदा शेजारी-शेजारी नांदायचे. एकाच देशात एकच सर्वोच्च कायदा हवा ही कल्पना युरोपच्या आधुनिक कायदेशास्त्रातून आली आणि इस्रायलच्या स्थापनेच्या काळातले मुख्य रब्बी आयझॅक हर्झोग यांनी ती धर्माच्या बाजूने मांडली. ‘आमची प्राचीन परंपरा’ म्हणून जे समोर येतं ते कधीकधी आजोबांच्या वयाचंही नसतं, हे पाहताना दर वेळी नव्याने थरारायला होतं.

इस्रायलला लिखित राज्यघटना नाही हे खरं आहे का?

एका दस्तऐवजात बांधलेली राज्यघटना नाही, हे खरं. १ ऑक्टोबर १९४८च्या आत ती तयार करू असं जाहीरनाम्यातच लिहिलं होतं. युद्ध चालू होतं, धार्मिक पक्षांना तोरा हा मोशेचा धर्मग्रंथ हीच घटना वाटत होती आणि बेन-गुरियन यांना हात बांधून घ्यायचे नव्हते. जून १९५०मध्ये क्नेसेटने, म्हणजे इस्रायलच्या संसदेने, तडजोड केली: घटना एकदम न लिहिता ‘मूलभूत कायदे’ एकेक करून करायचे. पहिला झाला १९५८ला. १९९२च्या मूलभूत कायद्यांत ‘ज्यू आणि लोकशाही राज्य’ हे शब्द आले. १९४८च्या जाहीरनाम्यात ‘लोकशाही’ हा शब्द नाही, हे ऐकून बरेच जण चकित होतात. मसुद्यांमध्ये तो होता.

जुलै २०१८मध्ये राष्ट्र-राज्याचा मूलभूत कायदा ६२ विरुद्ध ५५ मतांनी मंजूर झाला. त्यात इस्रायलमधला राष्ट्रीय आत्मनिर्णयाचा हक्क फक्त ज्यू लोकांचा असल्याचं म्हटलंय. २०२३मध्ये न्यायालयाचे अधिकार कमी करण्याच्या सरकारी प्रयत्नाविरुद्ध महिनोन्महिने लोक रस्त्यावर उतरले आणि १ जानेवारी २०२४ला सर्वोच्च न्यायालयाने त्यातली एक दुरुस्ती ८ विरुद्ध ७ मतांनी रद्द ठरवली. ही आकडेवारी हाताशी ठेवा. नव्या पुस्तकांतल्या कायद्याच्या चर्चेत ती गृहीत धरलेली असते.

‘ज्यू कोण’ हे राज्य ठरवतं का? आपल्या बेने इस्रायलींचा याच्याशी काय संबंध?

५ जुलै १९५०च्या ‘परतीच्या कायद्या’ने जगातल्या कोणत्याही ज्यूला इस्रायलमध्ये येऊन स्थायिक होण्याचा हक्क दिला. ज्यू कोण याची व्याख्या मात्र तेव्हा दिली नाही. मग प्रश्न न्यायालयात येऊ लागले. ऑस्वाल्ड रुफायझेन हा पोलंडमध्ये जन्मलेला ज्यू. त्याने जीव धोक्यात घालून मीर गावी नाझींनी घेट्टोत, म्हणजे बंदिस्त वस्तीत, कोंडलेल्या ज्यूंना वाचवलं, पुढे तो ख्रिस्ती झाला आणि कार्मेलाइट साधू म्हणून हैफाला आला. धर्मशास्त्रानुसार ज्यू आईचा मुलगा म्हणून तो ज्यूच राहतो. सर्वोच्च न्यायालयाने १९६२ साली सांगितलं की या कायद्यापुरता तो ज्यू नाही. म्हणजे धर्मशास्त्र ज्याला आत घेत होतं त्याला राज्याने बाहेर ठेवलं. १९७०मध्ये कायद्यात व्याख्या आली.

त्याच काळात उलट्या दिशेने एक अन्याय चालला होता, आणि तो आपल्या माणसांवर. बेने इस्रायल म्हणजे अलिबागजवळच्या नवगावला जहाज फुटून आलेल्या पूर्वजांची कथा सांगणारे, शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून ‘शनवार तेली’ म्हटले गेलेले, केहिमकर, राजपूरकर, पेणकर, दिवेकर अशी गावांची आडनावं लावणारे, मराठीत कीर्तन करणारे ज्यू. एलियाहू हन्नाबी या प्रेषिताच्या नावाने पोहे, खोबरं, साखर आणि फळांचा मलिदा करणारी ही माणसं कोकणातून इस्रायलला गेली. तिथे गेल्यावर मुख्य रब्बींच्या कचेरीने १९६२मध्ये फर्मान काढलं की बेने इस्रायल व्यक्तीचं इतर ज्यूंशी लग्न लावण्याआधी तिच्या आईची, आजीची, जमेल तितक्या मागच्या पिढ्यांची चौकशी करावी. शंका अशी की कोकणात असताना घटस्फोटाचे धर्मनियम नीट पाळले गेले होते का. शतकानुशतकं ज्यांनी एकट्याने शब्बाथ (शनिवारचा विश्रांतीचा दिवस) सांभाळला त्यांना आजीचा दाखला मागितला गेला.

त्यांनी आंदोलन केलं. १९६४च्या उन्हाळ्यात जेरुसलेममध्ये ठिय्या दिला. ऑगस्टमध्ये क्नेसेटने जाहीर केलं की बेने इस्रायल हे सर्वार्थाने ज्यू आहेत आणि त्यांना इतरांसारखेच सगळे हक्क आहेत, त्यानंतर फर्मानातून त्यांचं नाव काढलं गेलं. राज्य आणि धर्मपीठ यांच्या ओढाताणीवरच्या पुस्तकांत हे प्रकरण बहुधा एखाद्या परिच्छेदात किंवा तळटीपेत उरकलेलं असतं. म्हणून प्रश्नोत्तरांत मी ते आवर्जून विचारतो, आणि तुम्हीही विचारावं असं मनापासून वाटतं. तळटीपेतल्या माणसांची भाषा आपल्याला येते.

भारताचा या इतिहासात आणखी कुठे संबंध येतो?

अपेक्षेपेक्षा जास्त ठिकाणी. बाल्फोर जाहीरनाम्याला ब्रिटिश मंत्रिमंडळात सर्वांत कडवा विरोध केला तो त्यातल्या एकमेव ज्यू मंत्र्याने, एडविन माँटेग्यूने. हाच तो माँटेग्यू-चेम्सफर्ड सुधारणांमधला भारतमंत्री. ‘इतर देशांतल्या ज्यूंच्या हक्कांना व राजकीय दर्जाला बाधा येऊ नये’ ही जाहीरनाम्यातली शेवटची अट अशाच भीतीतून आली. तिथल्या अरब रहिवाशांचं काय करणार, हा प्रश्न तेव्हाच लॉर्ड कर्झनने विचारला होता. कर्झन आपल्याला बंगालच्या फाळणीपुरताच माहीत असतो, म्हणून सांगतो.

गांधीजींचा ‘हरिजन’मधला लेख २६ नोव्हेंबर १९३८चा, जर्मनीत ज्यूंची प्रार्थनास्थळं जाळली गेली त्याला जेमतेम पंधरवडा झालेला. ज्यूंबद्दल पूर्ण सहानुभूती, पण पॅलेस्टाइन अरबांचं, आणि जर्मनीतल्या ज्यूंनी सत्याग्रह करावा, असं त्यांनी लिहिलं. बूबर आणि माग्नेस यांनी १९३९मध्ये त्यांना लांबलचक पत्रं लिहून उत्तर दिलं. ती पत्रं जरूर वाचा. गांधीजींना मानणाऱ्या माणसांनी व्याकूळ होऊन लिहिलेली आहेत.

आणि १९४७. संयुक्त राष्ट्रांच्या ११ देशांच्या समितीत भारतातर्फे न्यायमूर्ती अब्दुर रहमान होते. बहुमताने फाळणी सुचवली. भारत, इराण आणि युगोस्लाव्हिया यांनी वेगळा अहवाल दिला: एकच संघराज्य, त्यात एक अरब राज्य, एक ज्यू राज्य आणि जेरुसलेम राजधानी. म्हणजे महाराष्ट्राच्या अर्थाने राज्य! अहवालावर सह्या झाल्या त्या ऑगस्ट १९४७च्या अखेरीस, स्वतः भारताची फाळणी होऊन दोन आठवडे झाले असताना. भारताने नोव्हेंबरात ठरावाविरुद्ध मत दिलं, सप्टेंबर १९५०मध्ये इस्रायलला मान्यता दिली, आणि पूर्ण राजनैतिक संबंध जुळायला १९९२चा जानेवारी उजाडला.

पॅलेस्टिनी लोकांची बाजू या व्याख्यानांत असते का?

पुस्तकावर अवलंबून. ज्यू राजकीय विचारांवरच्या जुन्या पुस्तकांत अरब लोक पार्श्वभूमीला असायचे. आता तसं लिहिणाऱ्याला चर्चक लगेच अडवतात. १९४८च्या युद्धात सुमारे ७ लाख पॅलेस्टिनी घरादाराला मुकले, ते त्या घटनेला ‘नकबा’ म्हणतात. जे इस्रायलमध्ये राहिले त्यांना नागरिकत्व मिळालं, पण १९६६पर्यंत लष्करी अंमलाखाली राहावं लागलं. आज इस्रायलच्या लोकसंख्येत दर पाच माणसांमागे एक अरब आहे. ‘ज्यू राज्य’ या शब्दांचा अर्थ त्या पाचव्या माणसाला विचारल्याशिवाय पुरा होत नाही, असं माझं मत आहे.

७ ऑक्टोबर २०२३चा हमासचा हल्ला आणि त्यानंतर गाझात झालेला संहार यांमुळे ही व्याख्यानं ऐकणं अवघड झालंय. वक्त्याच्या आवाजात ताण जाणवतो, बाजूच्या चॅटमध्ये लोक एकमेकांवर तुटून पडतात. मी चॅटची खिडकी मिटून ठेवतो आणि वक्त्याकडे लक्ष देतो. एका बाजूचं पुस्तक ऐकलं की दुसऱ्या बाजूच्या अभ्यासकाचं व्याख्यान त्याच आठवड्यात ऐकायचं, असं मी ठरवून घेतलंय.

वक्ता पक्षपाती आहे हे कसं ओळखायचं?

मत असणं हा दोष नाही. मतापुढे पुरावा वाकवणं हा दोष. आपल्या म्हणण्याच्या आड येणारा कागद वक्ता स्वतःहून दाखवतो का, एवढं पाहा. जो दाखवतो त्याचं पुस्तक विकत घ्यावं.

व्याख्यानं कुठे सापडतात? पैसे लागतात का? वेळेचं काय?

न्यूयॉर्कची यीवो ही संस्था (१९२५ साली विल्नात सुरू झालेली), तिथलंच सेंटर फॉर ज्यूइश हिस्टरी, जेरुसलेमचं व्हॅन लीर इन्स्टिट्यूट, ऑक्सफर्डचं हिब्रू आणि ज्यू अभ्यास केंद्र यांच्या संकेतस्थळांवर वेळापत्रक पाहत जा. बरीच व्याख्यानं फुकट असतात, फक्त आधी नाव नोंदवावं लागतं. चुकलं तर अनेकदा यूट्यूबवर ध्वनिचित्रफीत मिळते. लेखकांच्या नुसत्या मुलाखती ऐकायच्या तर ‘न्यू बुक्स नेटवर्क’चे पॉडकास्ट आहेत. लोकलच्या प्रवासात ऐकायला बरे.

न्यूयॉर्कला दुपारी १ म्हणजे आपल्याकडे उन्हाळ्यात रात्रीचे साडेदहा, हिवाळ्यात साडेअकरा. जेरुसलेमला संध्याकाळी ७ म्हणजे आपले उन्हाळ्यात साडेनऊ, हिवाळ्यात साडेदहा. मार्चमध्ये अमेरिकेची घड्याळं इस्रायलच्या आधी बदलतात, त्या मधल्या दिवसांत हमखास घोळ होतो. शुक्रवार संध्याकाळपासून शनिवार संध्याकाळपर्यंत शब्बाथ, तेव्हा ज्यू संस्थांचे कार्यक्रम नसतात. सप्टेंबर-ऑक्टोबरात सणांमुळे बरंचसं शांत असतं.

इंग्रजी भरभर जातं, मध्येच हिब्रू शब्द येतात. काय करू?

ध्वनिचित्रफीत पाऊणपट वेगाने लावा आणि खालची अक्षरं चालू करा. हिब्रू नावांचं तिथे वाट्टेल ते होतं, पण बाकीचं वाक्य हाती लागतं. नेहमी येणारे शब्द थोडेच आहेत: अलिया म्हणजे इस्रायलला स्थलांतर, हलाखा म्हणजे धर्मशास्त्र, गलुत म्हणजे परागंदा अवस्था, यिशुव म्हणजे १९४८ आधीची पॅलेस्टाइनमधली ज्यू वस्ती.

पुस्तकं फार महाग असतात. न वाचता ऐकलं तर चालेल?

चालेल. विद्यापीठीय पुस्तक तीन-चार हजारांच्या घरात जातं. प्रस्तावना बहुधा प्रकाशकाच्या संकेतस्थळावर फुकट मिळते. ती आधी वाचून मग व्याख्यान ऐका. काही पुस्तकं संपूर्णही मोफत ठेवलेली असतात, खरेदीआधी तपासून घ्या.

प्रश्न विचारायचा धीर होत नाही. आपलं इंग्रजी, आपला उच्चार…

प्रश्न लेखी द्यायचा असतो, संचालक वाचून दाखवतात. दोन वाक्यांत लिहा. पहिल्यात पुस्तकातला मुद्दा, दुसऱ्यात तुमची शंका. मी पहिल्यांदा बेने इस्रायलींबद्दल विचारलं तेव्हा प्रश्न चार वेळा खोडून पुन्हा लिहिला होता. वक्त्या बाई क्षणभर थांबल्या, म्हणाल्या की याचा विचार मी पुस्तकात करायला हवा होता, आणि कार्यक्रम संपल्यावर त्यांनी मला मेल करून विचारलं की त्या लोकांनी मराठीत काय लिहून ठेवलंय. त्या पत्राला उत्तर लिहिण्यासाठी मी आठवडाभर ग्रंथालयात जाऊन बसलो होतो.